पोट नेमके कशाने बिघडते? ‘आयबीएस’चे निमित्त शोधताना

जेवण आटोपते न आटोपते तोच पोटात कळ येणे, घाईने शौचास जावे लागणे आणि जाऊन आल्यावर कळ ओसरणे. किंवा याउलट तीन-तीन दिवस पोट साफ न होणे, बेंबीभोवती गुबारा धरून राहणे. वणी असो, पुसद असो वा दारव्हा, यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर ही तक्रार नवी नाही. रक्त, लघवी, शौच तपासले जाते, सोनोग्राफी होते, क्वचित दुर्बिणीची तपासणीही होते आणि अहवालात काहीच निघत नाही. रुग्णाचा त्यावर विश्वास बसत नाही. मग तो आपल्यापुरता तपास सुरू करतो. आज वांगे बंद, उद्या तुरीचे वरण बंद, परवा दूध. वर्षभरात ताटात मऊ भात तेवढा उरतो, वजन घटते आणि पोट मात्र होते तसेच राहते.

तपास करण्याचा विचार योग्यच असतो, चुकते ती पद्धत.

या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ किंवा थोडक्यात ‘आयबीएस’ म्हणतात. जुन्या पिढीतील माणसे अशा तक्रारींना सरसकट ‘संग्रहणी’ म्हणत. मात्र त्या शब्दात इतरही अनेक विकार येतात. आयबीएसमध्ये आतड्याला जखम, गाठ किंवा दुर्बिणीतून दिसेल अशी सूज नसते. आतड्याच्या स्नायूंची लय बिघडलेली असते आणि आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना नको तितक्या तीव्र झालेल्या असतात. इतरांना जाणवणारही नाही इतका वायू या रुग्णाला असह्य कळ देतो. हा आतडे आणि मेंदू यांच्यातील संवादाचा बिघाड मानला जातो.

येथे कारण आणि निमित्त यांत फरक करावा लागतो. वाढलेली संवेदनशीलता हे कारण. एखाद्या दिवशी तिला चेतवणारी गोष्ट, मग तो पदार्थ असो, जागरण असो की बँकेची नोटीस, हे निमित्त. कारण पुरते नाहीसे करणारे औषध आज उपलब्ध नाही. निमित्ते मात्र बऱ्याच अंशी ओळखता येतात. ती माणसागणिक वेगळी असल्याने ‘काय खावे, काय खाऊ नये’ अशी सर्वांना लागू पडणारी छापील यादी या विकारात फारशी उपयोगाची नाही. रुग्ण मात्र पहिल्यांदा तीच मागतात.

निदान आधी, निमित्त नंतर

आयबीएसच्या निदानासाठी जगभर ‘रोम निकष’ वापरले जातात. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ मध्ये आली. तिच्यानुसार गेल्या ३ महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी असावी आणि ती शौचाशी निगडित असणे, शौचाच्या वेळांत बदल होणे, शौचाच्या स्वरूपात बदल होणे यांपैकी किमान दोन गोष्टी तिच्यासोबत असाव्यात. तक्रारीला सुरुवात होऊन ६ महिने तरी झालेले असावेत. भारतीय जठरांत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनेच्या कृती गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री पाहणीत सर्वसाधारण लोकसंख्येतील आयबीएसचे प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले होते. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात फारसा फरक नव्हता. रुग्णालयात आलेल्यांत मात्र पुरुषांची संख्या बरीच अधिक होती. बाईचे पोटाचे दुखणे घरातच राहते, असा त्याचा अर्थ काढता येईल.

शौचातून रक्त जाणे, प्रयत्न न करता वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी एकही गोष्ट असेल तर निमित्त शोधत बसू नये, तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही याच वेषात येतो.

विदर्भात आणखी एक नाव या यादीत घालावे लागते, ते सिकलसेलचे. या रक्तविकाराचे प्रमाण विदर्भातील आदिवासी आणि काही अन्य समाजांत लक्षणीय आहे. सिकलसेलग्रस्त व्यक्तीला वेदनेचे झटके येतात, ते हातापायांत येतात तसेच पोटातही येतात. अशा तरुणाला किंवा तरुणीला वर्षानुवर्षे ‘गॅस’च्या गोळ्या दिल्या जात असतील तर मूळ दुखणे झाकलेलेच राहते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सिकलसेलची प्राथमिक चाचणी साधी आणि स्वस्त आहे.

दुसरी गल्लत ‘आव’ या शब्दाची. चिकट शौच झाले की अमिबाची लागण गृहीत धरून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांचा क्रम घ्यायचा, महिनाभराने पुन्हा तोच क्रम, असे अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालते. आयबीएसमध्येही शौचातून चिकट आव पडते. शौच तपासणीत अमिबा किंवा जिआर्डिया न दिसता ही औषधे पुनःपुन्हा घेण्यात लाभ नाही. प्रतिजैविकांनी आतड्यातील उपयुक्त जिवाणूंची घडी विस्कटते, ते वेगळेच.

ताटाआधी पेला

निमित्ताचा विचार निघाला की प्रत्येक जण ताटाकडे पाहतो. यवतमाळ जिल्ह्यात आधी पाण्याच्या पेल्याकडे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पांढरकवडा परिसरातील भूजलाविषयीचा अभ्यास २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा दर लिटरला १ मिलिग्रॅम, तर दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम अशी भारतीय मानक आहे. ही मर्यादा ओलांडलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, हाडे आणि सांधे ताठरतात, हे अनेकांना ठाऊक असते. त्याआधी पोट तक्रार करू लागते, हे फारसे ठाऊक नसते. जठरातील आम्लाशी संयोग होऊन फ्लोराइड दाहक रूप घेते आणि आतल्या नाजूक अस्तराला इजा करते. मळमळ, भूक मंदावणे, पोटदुखी, गुबारा, कधी बद्धकोष्ठता तर कधी पातळ शौच, असे चित्र त्यातून उभे राहते. आयबीएसच्या वर्णनाशी ते इतके जुळते की नुसत्या लक्षणांवरून फरक सांगणे अवघड. डॉ. ए. के. सुशीला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील फ्लोराइडग्रस्त गावांत केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पोटाच्या तक्रारींची नोंद आहे. सुरक्षित पाणी मिळाल्यावर या तक्रारी अल्पावधीत ओसरतात, असे त्यांच्या कामातून पुढे आले.

केळापूर किंवा झरी-जामणी भागातील ज्या घरात एकट्यादुकट्याचे नव्हे, तर तिघा-चौघांचे पोट वारंवार बिघडते आणि मुलांच्या दातांवर पट्टे दिसतात, तेथे ‘सगळ्यांनाच आयबीएस’ हे निदान पटण्याजोगे नाही. बोअरवेलचे पाणी तपासून घ्यावे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. आरओ यंत्र किंवा नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली, तुरटी आणि चुन्याचा वापर करणारी नालगोंडा पद्धत यांनी ते कमी करता येते. फ्लोराइड कमी असलेल्या विहिरीचे पाणी हा सर्वांत सोपा उपाय, अर्थात ती विहीर स्वच्छ असेल तर.

त्या ‘अर्थात’मध्ये पाण्याचा दुसरा धोका आहे. पावसाळ्यात जलवाहिनी फुटते, गावात गॅस्ट्रोची लागण होते, आठवड्याभरात साथ आटोक्यात येते आणि बातमी संपते. काहींच्या पोटात मात्र ती संपत नाही. जंतुसंसर्गाने झालेल्या जुलाबांनंतर साधारणतः दहापैकी एकाला पुढे आयबीएसची लक्षणे दिसतात, असे २०१७ मधील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले. याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण कॅनडातील वॉकरटन या लहानशा गावाचे आहे. मे २००० मध्ये तेथील नळाच्या पाण्यात शेणातील जंतू मिसळले. सात जण दगावले, २ हजारांहून अधिक आजारी पडले. दोन-तीन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा, वैद्यकीयदृष्ट्या गॅस्ट्रो झाल्याचे मानलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के लोकांना आयबीएस होता. साथीत आजारी न पडलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. आठ वर्षांनंतर पहिल्या गटातील प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरले. म्हणजे बहुतेकांचे पोट कालांतराने सावरते, पण त्याला वर्षे लागतात. त्यामुळे ‘हे सगळे कधी सुरू झाले?’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णाने आठवून ठेवावे. लग्नाच्या पंगतीनंतर, साथीच्या दिवसांत, यात्रेहून परतल्यावर, असे काही निश्चित उत्तर असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

फवारणीचे दिवस

कापसाच्या या जिल्ह्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर हा फवारणीचा हंगाम. २०१७ मध्ये याच हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसच्या घरात शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या दिवसांत अशा रुग्णांची रीघ होती. शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले.

त्या घटनेचा पोटाशी थेट संबंध आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतील कीटकनाशके शरीरातील कोलिनएस्टरेज नावाच्या विकराचे काम थांबवतात. त्यामुळे आतड्याचे स्नायू अनावर आकुंचन पावतात. पोटात मुरडा येतो, उलटी आणि जुलाब होतात. सोबत तोंडाला पाणी सुटणे, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंधारी येणे, छातीत घरघर, अशी लक्षणे असतात. ज्याचे पोट एरवीही बिघडते त्याने फवारणीहून परतल्यावर उठलेली कळ ‘नेहमीचीच’ समजून घरी पडून राहणे जिवावर बेतू शकते. आयबीएसने घाम फुटून बाहुल्या बारीक होत नाहीत. अशा वेळी अंगावरचे कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे आणि औषधाची बाटली अथवा तिचे वेष्टन सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. निमित्त नंतर शोधता येते.

वहीतील पाच रकाने

हे सर्व वगळून झाले आणि डॉक्टरांनी आयबीएसचे निदान केले, की खरा तपास सुरू होतो. त्यासाठी लागते ती शाळकरी मुलाची एक वही.

किमान २, शक्यतो ४ आठवडे रोजची नोंद ठेवावी आणि या काळात आहारात मुद्दाम काहीही बदलू नये. सुधारण्याच्या घाईत पहिल्याच दिवशी चार पदार्थ बंद केले की वहीतून काहीच निष्पन्न होत नाही. वेळ, खाणेपिणे आणि त्याचे प्रमाण, पोटातील त्रास, शौच आणि ‘इतर’, एवढे पाच रकाने पुरतात. त्रासाला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. शौचाचे वर्णन करताना लाज वाटण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तयार झालेले आणि १९९७ पासून प्रचलित असलेले सात प्रकारांचे कोष्टक त्यासाठी आहे. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे हा पहिला प्रकार, निव्वळ पाणी हा सातवा. तिसरा आणि चौथा हे साधारण निरोगी. वहीत नुसता आकडा लिहिला की झाले.

शेवटचा ‘इतर’ हा रकाना दिसतो बिनमहत्त्वाचा, पण अनेकदा गुपित त्यातच सापडते. झोप किती झाली, प्रवास होता का, घरात वाद झाला का, मासिक पाळीचा कितवा दिवस, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे सारे तेथे लिहावे. पाळीच्या सुमारास आतड्याची चंचलता वाढते, अनेक स्त्रियांना त्या दिवसांत पातळ शौच होते आणि दोष जातो आदल्या दिवशीच्या भाजीला. गोळ्यांचेही तसेच. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात, लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, मॅग्नेशियम असलेल्या आम्लनाशकांनी पोट सैल होते. या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. डॉक्टर त्यांची मात्रा किंवा प्रकार बदलू शकतात.

वही वाचताना सर्वाधिक चूक होते ती वेळेच्या हिशेबात. जेवल्यावर अर्ध्या तासात कळ आली की दोष ताटातल्या पदार्थावर येतो. वास्तविक पोटात अन्न पडताच मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो, ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे आणि आयबीएसमध्ये ती तीव्र असते. जेवण जितके भरपेट आणि तेलकट, तितका इशारा जोरकस. म्हणजे अर्ध्या तासातील कळ बहुधा जेवणाचे प्रमाण आणि तेल यांबद्दल सांगत असते. याउलट न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात पोहोचून तेथील जिवाणूंकडून आंबायला काही तास लागतात. रात्रीच्या गुबाऱ्याचे मूळ दुपारच्या ताटात असू शकते आणि सकाळच्या जुलाबाचे आदल्या रात्रीच्या पंगतीत.

भाकरी, पोळी आणि वरण

न पचता आंबणाऱ्या या शर्करांना एकत्रितपणे ‘फॉडमॅप’ म्हणतात. ही संकल्पना ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ मध्ये मांडली. गहू, कांदा आणि लसूण यांतील फ्रुक्टन, डाळी-कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातील लॅक्टोज, आंबा-मधातील जादा फ्रुक्टोज आणि ‘शुगर फ्री’ गोळ्या-च्युइंगममधील सॉर्बिटॉलसारखे पदार्थ त्यात येतात. हे पदार्थ वाईट नव्हेत. निरोगी आतड्याला ते पोषकच असतात. चिडलेल्या आतड्याला त्यांचा वायू सोसत नाही.

ही माहिती वऱ्हाडी ताटाला लावून पाहिली तर काही गमतीदार गोष्टी हाती येतात. ज्वारीची भाकरी फॉडमॅपच्या दृष्टीने सौम्य आहे. गव्हाची पोळी नाही. जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र खाल्ले आणि ताटातली भाकरी मागे पडून पोळी नित्याची झाली. ज्यांना पोळीने गुबारा धरतो त्यांच्यासाठी पर्याय मेलबर्नहून आणावा लागत नाही, आजीच्या काळात तो रोजचाच होता. ‘गहू सोसत नाही’ म्हणजे ग्लुटेन सोसत नाही, असेही नव्हे. नॉर्वेतील २०१८ च्या एका प्रयोगात, गव्हाने त्रास होतो असे सांगणाऱ्यांना ग्लुटेन आणि फ्रुक्टन त्यांच्या नकळत आळीपाळीने दिले गेले, तेव्हा त्रास फ्रुक्टनने अधिक झाला. तरीही गहू सोडण्यापूर्वी सिलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी करून घ्यावी. गहू सोडल्यानंतर ती फसवी ठरते.

रोडगे, तुरीचे घट्ट वरण आणि लसणाची वांग्याची भाजी हा भंडाऱ्याचा बेत विदर्भाचा अभिमान. आयबीएसच्या रुग्णासाठी मात्र त्यात गव्हाचे फ्रुक्टन, तुरीचे गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, लसूण, तूप आणि आग्रहाचे वाढप अशी पाच निमित्ते एका पत्रावळीवर येतात. दुसऱ्या दिवशी दोष बिचाऱ्या वांग्याला जातो. प्रत्येक निमित्ताची एक मर्यादा असते आणि ती एकमेकांत मिळवली जातात. एक पोळी सोसते, वाटीभर वरण सोसते, दोन्ही सोबत कांद्याच्या कोशिंबिरीसह सोसत नाहीत.

मोनाशच्या पद्धतीचे तीन टप्पे आहेत. २ ते ६ आठवडे फॉडमॅप कमी करायचे, नंतर एकेक गट परत आणून पाहायचा आणि अखेरीस जो खरोखर त्रास देतो तेवढाच मर्यादित ठेवायचा. आपल्याकडे बहुतेक जण पहिल्या टप्प्यावरच थांबतात आणि तो आयुष्यभर चालवतात. हे घातक आहे. शाकाहारी माणसाच्या आहारातून डाळी गेल्या की प्रथिनांचा मुख्य आधारच जातो. अशक्त व्यक्ती, गर्भवती आणि लहान मुले यांनी तर हा प्रयोग आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करूच नये.

डाळ टाकून देण्यापूर्वी ती करण्याची रीत बदलून पाहावी. रात्रभर भिजवून पाणी फेकून दिल्यास त्रासदायक शर्करांचा बराच भाग निघून जातो. मोड आणल्यानेही त्या घटतात. तुरीऐवजी थोडे मुगाचे वरण अनेकांना सोसते. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. रश्श्यात उकळलेला लसूण मात्र काढून टाकला तरी उपयोग नसतो. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते, खालचा पांढरा कांदा नाही.

परत आणण्याच्या टप्प्यात घाई नको. एका वेळी एकच पदार्थ, पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. त्रास झाला तर थांबावे, पोट शांत होऊ द्यावे, मग पुढचा पदार्थ घ्यावा. दुधाची शंका असेल तर दोन आठवडे दूध बंद ठेवून दही-ताक चालू ठेवावे, कारण विरजणात लॅक्टोज काही अंशी खर्ची पडतो. केवळ ‘आयजीजी’ प्रतिपिंडांच्या रक्तचाचणीवरून शे-दीडशे पदार्थांची वर्ज्य यादी देणाऱ्या महागड्या तपासण्यांचा आधार घेऊ नये, असे ब्रिटनमधील जठरांत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

ज्या घरांत चातुर्मास पाळला जातो तेथे निम्मा प्रयोग दरवर्षी आपोआप होतो. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी, थालीपिठे, कांदेभात असे सगळे पोटभर होते आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद. चार महिन्यांत पोट शांत राहिले आणि कार्तिकानंतर पहिल्याच आठवड्यात बिघडले, तर तो कांद्याविरुद्धचा चांगला पुरावा आहे. मात्र पुरेसा नाही. याच चार महिन्यांत उपवासाचा तेलकट साबुदाणाही पोटात जातो, पावसाचे गढूळ पाणीही आणि शेतकऱ्याच्या घरी फवारणीही असते. चातुर्मासात पोट अधिकच बिघडले म्हणून कांदा निर्दोष ठरत नाही. तेथेही वहीच खरे सांगते.

तिखट, चहा आणि खर्रा

मिरचीतील कॅप्सेसिन आतड्यातील वेदना जाणणाऱ्या तंतूंना थेट चेतवते. ठेच्यावर वाढलेल्या माणसाला ते सहसा जाणवत नाही, पण आयबीएसच्या रुग्णात हे तंतू आधीच जागे असतात. उपाशीपोटी घेतलेल्या कडक चहाचेही असेच; त्यात कॅफिनसोबत दूधही असते.

खऱ्र्याचा उल्लेख रुग्ण स्वतःहून करत नाहीत, कारण ते त्याला खाणे समजत नाहीत. तंबाखूतील निकोटिन आणि सुपारीतील अरेकोलिन हे दोन्ही आतड्याची हालचाल वाढवणारे घटक आहेत. सकाळी खर्रा तोंडात टाकल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे सांगणारे अनेक जण भेटतात. तोच खर्रा दिवसातून आठ वेळा घेतल्यावर पोट सैल का राहते, हा प्रश्न त्यांना पडत नाही. मुखकर्करोगाचा धोका तर आहेच. वहीच्या दुसऱ्या रकान्यात प्रत्येक पुडीची नोंद झालीच पाहिजे.

मनावरचा भार

‘मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य ऐकून दवाखान्यातून परतलेला रुग्ण पुन्हा त्या डॉक्टरांकडे जात नाही आणि त्याचे चूकही नसते. आतड्याला स्वतःचे कोट्यवधी चेतापेशींचे जाळे आहे. ताणाच्या वेळी मेंदूतून निघणारी संप्रेरके या जाळ्यावर काम करतात, आतड्याची लय बदलतात. परीक्षेच्या दिवशी शौचास धावणारा विद्यार्थी नाटक करत नसतो. बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की जंतुसंसर्गानंतर आतड्याच्या अस्तरात एखाद्या अन्नघटकाविरुद्ध स्थानिक प्रतिक्रिया निर्माण होऊ शकते आणि ती रक्ततपासणीत दिसत नाही. म्हणजे वेदना खरी असते, फक्त प्रयोगशाळेच्या कागदावर उमटत नाही.

कर्जाची परतफेड, पावसाचा खंड, बोंडअळी, मुलीचे लग्न, हे ताण या जिल्ह्याला सांगण्याची गरज नाही. त्रासाचे दिवस हंगामाच्या ताणाशी जुळत असतील तर आहारातले कितीही पदार्थ वगळून उपयोग होत नाही. अशा वेळी समुपदेशन, नियमित झोप, रोजचे चालणे आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास अल्प मात्रेतील नैराश्यरोधक औषधे यांचा लाभ होतो. ही औषधे येथे आतड्याच्या वेदनांचे वहन मंद करण्यासाठी दिली जातात. ती दिली म्हणजे रुग्णाला वेडा ठरवले, असे नव्हे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याबाबत विनामूल्य सल्ला मिळतो.

बद्धकोष्ठतेच्या रुग्णांसाठी एक साधी बाब. ‘चोथा वाढवा’ या सल्ल्याने अनेक जण गव्हाचा कोंडा खाऊ लागतात आणि गुबारा वाढवून घेतात. नेदरलँड्समध्ये २००९ साली झालेल्या चाचणीत इसबगोलाने आयबीएसच्या लक्षणांत सुधारणा झाली, कोंड्याने तसा लाभ दिसला नाही. इसबगोल लहान मात्रेपासून सुरू करावा आणि भरपूर पाण्यासोबत घ्यावा.

नोंदींची वही डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी आणि शेवटच्या पानावर तीन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात: तक्रार कधी आणि कशानंतर सुरू झाली, घरात पिण्याचे पाणी कोठून येते आणि आतापर्यंत कोणकोणती औषधे किती वेळा घेतली. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. जे पदार्थ वर्ज्य ठरले, ते सहा-आठ महिन्यांनी थोड्या प्रमाणात पुन्हा खाऊन पाहावेत. आतड्याची सोसण्याची ताकद बदलते आणि एकदा न सोसलेले वरण पुढे सोसू लागल्याचे अनेकदा आढळते.